चाकणची ट्रायम्फ ही खरी ट्रायम्फ आहे का?

निगडीकर४००

नमस्कार मंडळी. ट्रायम्फची स्पीड ४०० ही मोटरसायकल बुक करायचं जवळजवळ ठरलंय, अडचण फक्त घरात आहे. आमचे मोठे मामा शनिवार पेठेतले, आधी जावा आणि मग बुलेट चालवलेले. त्यांचं म्हणणं, "चाकणला बजाजच्या कारखान्यातून निघते ती कसली ट्रायम्फ? ट्रायम्फ म्हणजे ट्विन, दोन सिलिंडरची, आणि तीसुद्धा मेरिडनची. सिंगलच, म्हणजे एका सिलिंडरचीच, घ्यायची तर पल्सर घे, पैसे तरी वाचतील." मेरिडन कुठे आहे तेही मला शोधावं लागलं, इंग्लंडात कव्हेंट्रीजवळ. कंपनी तीच आहे की कुणी जुनं नाव विकत घेऊन स्टिकर लावलाय? मायलेज आणि सर्व्हिसचे धागे वाचून झालेत, ते नको. इतिहास सांगा.

चोकओढा

नाव तेच, कंपनी दुसरी. जुनी १९८३ ला बुडाली. विषय संपला. मामांना विचारा, त्यांची बुलेट इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्याची होती की मद्रासची?

टूलरूमवाला

विषय संपला कसा? आत्ता कुठे सुरू होतोय. उभा जन्म आकुर्डी-भोसरीच्या टूलरूममध्ये गेलाय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी मामांच्या 'अस्सल ब्रिटिश'बद्दल. ट्रायम्फ काढणारा सिगफ्रीड बेटमान हा न्यूरेंबर्गचा जर्मन. १८८० च्या दशकात इंग्लंडात आला, १८८६ मध्ये सायकलींना ट्रायम्फ हे नाव दिलं आणि मग मॉरिट्झ शुल्ट या दुसऱ्या जर्मनाला भागीदार घेऊन कव्हेंट्रीत कारखाना टाकला. १९०२ ची पहिली मोटरसायकल म्हणजे त्यांची सायकल आणि तिला बेल्जियमचं मिनर्व्हा इंजिन. स्वतःचं इंजिन आलं १९०५ मध्ये. हाच बेटमान पुढे कव्हेंट्रीचा महापौर झाला, आणि १९१४ चं युद्ध पेटल्यावर जर्मन म्हणून लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागला. गंमत बघा, त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोप्ये त्याच्याच 'मॉडेल एच'वरून धावत होते. सुमारे ३०,००० गाड्या गेल्या, सैनिक तिला 'ट्रस्टी' म्हणायचे. ५५० सीसी, तीन गिअर, मागच्या चाकाला पट्टा. आणि सिलिंडर किती? एक! मामांना एवढंच सांगितलंत तरी पुष्कळ.

ट्विन आली फार नंतर. १९३६ मध्ये मोटरसायकलचा धंदा एरियल या मोटरसायकल कंपनीवाल्या जॅक सँगस्टरने घेतला आणि एडवर्ड टर्नरला तिथे बसवलं. टर्नरने १९३७ मध्ये 'स्पीड ट्विन' काढली, ५०० सीसी. दोन्ही पिस्टन बरोबर वर, बरोबर खाली, पेटतात मात्र आळीपाळीने. इंजिन इतकं आटोपशीर की सिंगलवाल्या टायगर ९० च्या फ्रेममध्ये जवळजवळ तसंच बसलं. बाकीचे इंग्रज कारखानदार पुढे वर्षानुवर्षं त्याच्याच मागे धावले. तुमच्या गाडीच्या नावातला 'स्पीड' कुठून आला असेल, त्याचा अंदाज करा.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत कव्हेंट्री बेचिराख झालं, कारखान्यासकट. त्यानंतर १९४२ मध्ये गावाबाहेर मेरिडनला नवा कारखाना उभा राहिला. म्हणजे मामांचं मेरिडनसुद्धा दुसरं घरच. १९५१ मध्ये कंपनी बीएसए या दुसऱ्या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीकडे गेली, १९५९ च्या मॉडेलांत बॉनव्हिल ही ट्विन आली, अमेरिकेत वाटेल तेवढ्या खपल्या. हा सुवर्णकाळ सगळीकडे वाचायला मिळतो, मी उरकतो.

मला बोलायचंय ते यंत्रांबद्दल. आमच्या तरुणपणी नाना पेठेतल्या एका गॅरेजात अशी एक ट्विन उघडलेली पाहिली. क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, मधोमध उभी दुभंगते, डावा अर्धा आणि उजवा अर्धा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांच्या बुडाशी तेलाचं काळं कडं. मिस्त्री फडक्याने पुसायचा, सकाळी पुन्हा तयार. पाने व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे, म्हणजे पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. पाव इंच लिहिलेला पाना पाव इंच रुंदीच्या नटाला लावू गेलात तर नुसता खडखडेल. डिझाइन १९३७ च्या मानाने देखणंच. प्रश्न असा की तेच १९७० मध्येही चालू होतं, आणि जुनाट मशिनींवर.

बरं, यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. १९६० मध्ये टर्नर स्वतः जपानला जाऊन होंडा, सुझुकी, यामाहाचे कारखाने बघून आला. परतल्यावर अहवाल लिहिला की हे लोक आपल्या फार पुढे चाललेत. साहेबांनी तो वाचला असणार, पण मशिनींवर जेवढा पैसा ओतायला हवा होता तेवढा ओतला नाही. १९६९ मध्ये होंडाची ७५० आली. चार सिलिंडर, सेल्फ स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक, खाली तेलाचा थेंब नाही. बीएसएने उत्तर काय दिलं? नवी फ्रेम, तिच्याच नळीत तेल भरायचं. सीट एवढी उंच झाली की बुटक्या गिऱ्हाईकाचे पाय टेकेनात, वर कारखान्यात इंजिनही त्या फ्रेममध्ये धड बसेना! आमच्या शॉपवर असलं ड्रॉइंग आलं असतं तर फोरमनने वरच्या मजल्यावर जाऊन भांडण काढलं असतं.

१९७३ मध्ये बीएसए कोसळली. नव्या मालकांनी मेरिडन बंद करायचं जाहीर केल्यावर कामगारांनी आतून फाटकं धरली, आणि १९७५ मध्ये सरकारी कर्ज मिळवून स्वतःची सहकारी संस्था काढून बॉनव्हिल बनवत राहिले. माझी सगळी सहानुभूती त्यांच्याकडे. पण सहकार असला तरी लेथ जुनी ती जुनीच. १९८३ मध्ये कुलूप लागलं.

नाव घेतलं जॉन ब्लूरने, घरं बांधणारा माणूस. त्याचीही माणसं जपानचे कारखाने बघायला गेली, फरक इतकाच की आल्यावर त्याने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी घेतल्या. इंग्लंडातच हिंकलीला नवा कारखाना, १९९० मध्ये कलोनच्या प्रदर्शनात नव्या गाड्या. माझ्या लेखी खरी ट्रायम्फ तिथे परत आली, कारण टर्नरच्या अहवालातलं काम अखेर कुणीतरी केलं. चाकणचं म्हणाल तर कंपनी बजाजने घेतलेली नाही, भागीदारी आहे. ४०० चं डिझाइन हिंकलीचं, बनते आपल्याकडे, २०२३ पासून. आणि चाकणच्या मशिनींना नाक मुरडणाऱ्याने एकदा त्या रस्त्याने आत जाऊन बघावं.

पेठेतला_पिस्टन

काका, माहिती झकास, पण निकाल मान्य नाही. मेरिडनच्या ट्विनचा आवाज ऐकलाय का कधी कर्वे रोडवर? मशिनीने सगळं येत असतं तर होंडाची देवळं बांधली असती लोकांनी. तेल गळायचं, कबूल. तरी लोक आजही तीच शोधत फिरतात ना?

टूलरूमवाला

ऐकलाय, आणि अजून मान वळते. पण रोज हिंजवडीला जाणाऱ्या पोराने आवाजावर गाडी घ्यावी असं मी म्हणणार नाही.

निगडीकर४००

काका, मामांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बेटमानपर्यंत हूं हूं, 'एक सिलिंडर' आल्यावर म्हणाले, "ते पहिल्या महायुद्धातलं, ते धरायचं नाही." बुकिंग शनिवारी करतोय. आता मामांनाच एक जुनी ट्विन हवी झालीय, कुठे मिळेल?

टूलरूमवाला

मिळेल, किंमत ऐकून मामा खाली बसतील. घ्यायच्या आधी इंजिन आणि फ्रेमचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. साधारण १९५० नंतरच्या मेरिडनच्या गाड्यांवर कारखान्यातूनच दोन्हीकडे एकच नंबर मारलेला असायचा. वेगळा निघाला तर दोन गाड्यांची एक केलेली आहे. आकड्यांच्या आसपास कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या तर चहासुद्धा घेऊ नका, निघा.