रविवारी झाडांची देखभाल: सुरुवात कुठून करावी? (नागपूर)

धरमपेठकर
आम्ही सहा जण रविवारी सकाळी दोन तास देऊ शकतो. नवीन रोपं लावायची नाहीत, आहेत ती झाडं जगवायची आहेत. गल्लीतले कडुनिंब सिमेंटमध्ये गच्च बसलेत, त्यांत खिळे ठोकलेत. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर घाणेरी (लँटाना, पसरणारं परदेशी झुडूप) माजली आहे. आधी काय घ्यावं?

करंजवाडी
सिमेंट आधी. महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी झाडाभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, तेच माप धरा. छिन्नी-हातोड्यानेच फोडा, ब्रेकर नको. मुळं सिमेंटला चिकटूनच असतात, ब्रेकरने सोलली जातात. खोडाची साल सिमेंटच्या काठावर ओठासारखी चढली असेल तर तिथलं सिमेंट ओढू नका, बारीक तुकडे करत काढा. अंगठ्याहून जाड मूळ तोडायचं नाही. फुटपाथखाली केबल असू शकते, म्हणून पहार जोराने घालू नका.

आणि नंतर हौसेने खोडावर माती चढवू नका. खोड फुगून मुळांत उतरतं तो भाग उघडाच हवा, झाकला की साल कुजते. तीन इंच पालापाचोळा पसरा, तोही खोडापासून चार बोटं दूर.

साधी_कुदळ
खिळ्यांसाठी पंजाचा हातोडा, आणि त्याच्याखाली लाकडी फळी, नाहीतर साल चेपते. डोकं सालीत गेलं असेल तर राहू द्या, कोरून काढलं तर जखम मोठी होते. भोकात एमसील, सिमेंट, रंग काहीही भरायचं नाही. ट्री गार्डची तार आवळली असेल तर मात्र आजच कापा, तिच्यामुळे सालीतून खाली जाणारं अन्न अडतं.

धरमपेठकर
धन्यवाद. घाणेरीचं काय? आणि मे महिन्यात रोपांना पाणी किती?

पळसबन
ताई, सेमिनरी हिल्स ही वनविभागाची जमीन आहे, परवानगीशिवाय हात लावू नका. परवानगी मिळाली तरी नुसती वरून छाटू नका, बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. जमिनीखाली दोन इंचांवर मूळ तोडून झुडूप उपटा आणि मुळं वर करून वाळवा. फळं पिकण्याआधी करा, पक्षी बी लांब नेतात. उतारावर एकदम सगळं मोकळं केलं तर पहिल्याच पावसात माती वाहून जाते, म्हणून पट्ट्यापट्ट्याने घ्या. पावसाळ्यानंतर उगवलेली रोपं उपटायला पुन्हा गेला नाहीत तर सगळी मेहनत वाया. ही तयारी नसेल तर घाणेरीला हात न लावलेलाच बरा.

करंजवाडी
पाणी: दोन-तीन वर्षांच्या रोपाला आठवड्यातून दोनदा १५ लीटर, संध्याकाळी, हळूहळू. तळाला बारीक भोक पाडलेली बादली ठेवली की पुरे. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाणी त्यांतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. आधी खुरप्याने भेगा बुजवा, मग पाणी. जूनमध्ये आळ्याचा काठ उताराच्या बाजूने फोडा. हीच माती पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात.

सहा जणांना दोन छिन्न्या, दोन हातोडे, एक पहार, दोन खुरपी, तार कापायची पक्कड, जाड हातमोजे आणि गॉगल पुरतील. गॉगलशिवाय सिमेंटवर घाव घालू नका, कपच्या डोळ्यांत उडतात.