घोळ नक्की कुणाचा?

ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, अडवून धरलं म्हणून ब्रेक्झिट (ब्रिटनचं संघातून बाहेर पडणं) रखडलं, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मेबाईंनी मार्च २०१७ मध्ये संघातून बाहेर पडण्याचं कलम ५० लागू करून दोन वर्षांचं घड्याळ स्वतःच चालू केलं आणि जूनमध्ये निवडणूक घेऊन हातचं बहुमत घालवलं. (हौस, दुसरं काय!) खरी गाठ आयर्लंडची: आयर्लंड देश संघात राहणार, उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनचा भाग. आयर्लंडमधल्या डंडॉकहून उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला गाडीने जाताना सीमा कळते ती वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागल्या की. तिथे पुन्हा तपासणी नाकी बसवली तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराचं काय? जानेवारी २०१९ मध्ये मेबाईंचा संघाशी झालेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला तो वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, ब्रसेल्समध्ये नव्हे. शेवटी त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन्सननी सीमा समुद्रात ढकलली, म्हणजे तपासणी ब्रिटन बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये आणली. आता इंग्लंडमधल्या लिव्हरपूलहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला माल पाठवायचा तरी कागदपत्रं!