मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटच्या गोळ्या, स्ट्रोक आणि आता फिट
बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट २०१९ ला झालंय, तेव्हापासून टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, उजवा हात अजून नीट उचलत नाही, आणि परवा पहाटे अचानक फिट आली, आम्ही पार हादरलो. न्यूरोवाले म्हणतात स्ट्रोकमुळेच असेल, पण रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल वाढली किंवा मॅग्नेशियम कमी झालं तरी फिट येऊ शकते म्हणून दोन्ही टेस्ट दिल्यात. फिटच्या फेनिटॉइन या औषधाने टॅक्रोलिमसची लेव्हल खाली येते म्हणून त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम ही फिटची दुसरी गोळी दिलीय, तीही किडनी बघून कमी डोस. टॅक्रोलिमस मनाने बंद करणार नाही, किडनी आईची आहे ओ! कोणाच्या घरी असं झालंय का? टॅक्रोलिमस बदलली का? इथे नेफ्रो (किडनीचे डॉक्टर) न्यूरोकडे पाठवतात, न्यूरो परत नेफ्रोकडे.