मदत हवी आहे : नाशिकमध्ये पुतळ्यावरून रेखाटन शिकवणारे कोणी आहे का?

नमस्कार. आधी फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांच्या १८६६ ते १८७१ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या रेखाटनांच्या नकला, मग प्लास्टरच्या पुतळ्यावरून कोळशाने छायाप्रकाश, त्यानंतर समोर बसलेली व्यक्ती आणि शेवटी तैलरंग, या जुन्या युरोपीय क्रमाने चित्रकला शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे. गोदाघाटावर बसून जलरंगात निसर्गचित्रे करणारे उत्तम चित्रकार नाशिकला लाभले आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र एकाच नाकावर आठवडेच्या आठवडे काम करवून घेणारे गुरू अजून भेटलेले नाहीत.

सध्या घरीच सराव करते. पुतळा आणि कागद शेजारी ठेवून, ठरलेल्या जागेवर मागे येऊन, दोन्हींची मापे जुळतात का हे ताणलेल्या दोऱ्याने पडताळते. बाह्यरेषा जमते, पण गालावरची सावली जिथे उजेडात विरते, तिथली मधली छटा हमखास गडद होते आणि गोलाईऐवजी डाग दिसू लागतो. हे कसे सुधारावे? खिडकी पश्चिमेची असल्याने दुपारनंतर सावल्या सरकतात. उत्तरेचा उजेड नसल्यास एका स्थिर दिव्यावर भागेल का आणि तो किती उंचीवर असावा? शिकवणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, कुठेही जाण्याची तयारी आहे.