पाणाड्याची बेचकी आणि 'भूऊर्जे'चे आकडे: दोन्ही एकाच तागडीत का?

काळा_पाषाण

उन्हाळा तोंडावर आला की बोअरच्या गाडीआधी शिवारात पाण्याची जागा दाखवायला पाणाड्या येतो. कुणाच्या हातात उंबराची बेचकी, कुणाच्या तळहातावर नारळ, कुणाच्या मुठीत तांब्याच्या दोन सळ्या. हे आपण लहानपणापासून बघतोय.

नवं आहे ते शहरातलं. फ्लॅटची किल्ली घ्यायच्या आधी कुणीतरी सळ्या घेऊन बेडरूममधून फिरतं आणि सांगतं, 'इथे जिओपॅथिक स्ट्रेस आहे, हार्टमन आणि करी लाइन पलंगाखाली छेदतायत, बोविस फार खाली आहे.' मग तांब्याच्या कांड्या पुरायच्या, भिंतीत पिरॅमिड बसवायचे, आणि बिल हजारांत.

हे शब्द कुठून आले ते बघा. जमिनीतून किरणं निघतात आणि त्यांच्यावर झोपणाऱ्याला कॅन्सर होतो, ही कल्पना १९२९ साली गुस्ताव्ह फॉन पोल यांनी जर्मनीतल्या फिल्सबिबुर्ग गावात फिरून मांडली. हार्टमन हे जर्मन डॉक्टर. त्यांच्या जाळीच्या रेषा उत्तर-दक्षिण दिशेत दर २ मीटरला आणि पूर्व-पश्चिम दिशेत दर अडीच मीटरला. मॅनफ्रेड करी या दुसऱ्या डॉक्टरांची जाळी तिरपी, साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत पलंग कुठेही ठेवा, कुठली ना कुठली रेष त्याखाली येणारच! आणि या रेषा फक्त हातातली सळी दाखवते. कुणी हात न लावता ठेवलेल्या कुठल्याही यंत्रावर त्या उमटलेल्या नाहीत. बोविसचं तेच. तक्त्यावर लोलक धरायचा, तो जिकडे झुकेल तो आकडा वाचायचा, साडेसहा हजाराच्या वर असेल तर जागा चांगली. हे एकक कशाचं, लांबीचं, बलाचं की तापमानाचं?

मोजल्यासारखं बोलायचं आणि मोजायचं काहीच नाही, याला माझा विरोध आहे. पाणाड्याचा प्रश्न मी वेगळा धरतो. पटत नसेल तर सांगा.

मोसंबीवाला

साहेब, शहरातलं तुम्ही बघा, मी पाणाड्याचं बोलतो. आमच्या भावकीतल्या बऱ्याच विहिरी एका म्हाताऱ्या पाणाड्याने दाखवलेल्या आहेत आणि त्यांना पाणी आहे. नारळ, पानसुपारी आणि खुशीने द्याल ते, एवढंच घ्यायचा. शेजाऱ्याने तालुक्याहून मशीनवाला आणला, कागदावर आलेख काढून दिला, बोअर पाचशे फुटांवर कोरडं. कर्ज अजून फिटतंय. विज्ञान म्हणजे काय हे मला शिकवू नका, मला मे महिन्यात मोटर किती तास चालते ते सांगा.

भूजलवाली

मोसंबीवालादादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर दगडातच मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा. वर माती, मग मुरूम, मग कुठे सच्छिद्र मांजऱ्या, कुठे घट्ट काळा पाषाण, दोन थरांमध्ये कधी लाल गेरूचा पट्टा. पाणी मुख्यतः मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. जुन्या विहिरी तीस-चाळीस फुटांच्या, म्हणजे मुरूम-मांजऱ्यातल्या. सखल जागी, ओढ्याच्या कडेला त्या थरात थोडंफार पाणी जवळपास सगळीकडे लागतं. तिथे बेचकी कुठेही झुकली तरी विहीर 'लागणार'. पन्नास पावलं डावीकडे खणलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी खणून बघत नाही.

खरी परीक्षा खोल बोअरला असते. खाली घट्ट पाषाणात भेग सापडली तर दोन इंची पाणी, नाही तर नुसता धुरळा. तिथे मशीनवालाही चुकतो. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडली की कुठल्या खोलीवर रोध कमी आहे ते कळतं. पण रोध पाण्यामुळे कमी होतो तसा चिकणमातीमुळेही होतो. अरुंद उभी भेग तर दोन हातांवरूनही निसटते. आलेख कसा वाचायचा हे ज्याला येत नाही, त्याच्या हातात तो कागद काही कामाचा नाही. शेजाऱ्यांचं नुकसान मला कळतं. पण त्यावरून बेचकी खरी ठरत नाही.

लोलक

मी हे काम करतो, त्यामुळे माझी बाजू ऐका. डाऊझिंग, म्हणजे बेचकी, सळी किंवा लोलक धरून शोध घेणं, तपासलंच गेलं नाही असा सूर इथे आहे, तो चुकीचा. म्युनिकमध्ये १९८७-८८ साली भौतिकशास्त्रज्ञांनी सरकारी पैशातून मोठा प्रयोग केला. सुमारे ५०० डाऊझरांमधून ४३ निवडले, ८४३ चाचण्या घेतल्या. धान्याच्या कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचे आणि वरच्या मजल्यावर डाऊझरने जागा सांगायची. काही जणांची कामगिरी योगायोगाने समजावता येत नाही, असा निष्कर्ष खुद्द प्रयोग करणाऱ्यांनी काढला. आणि २०१७ साली ब्रिटनमधल्या बारापैकी दहा पाणीपुरवठा कंपन्यांनी कबूल केलं की त्यांचे काही तंत्रज्ञ गळती शोधायला सळ्या वापरतात. ते सगळे भोळे आहेत का?

तपासून_बघा

म्युनिकचं पुढचं पान सांगायचं राहिलं. तेच आकडे जिम एनराइट यांनी १९९९ साली पुन्हा मांडले. ४३ पैकी जे सहा जण 'चांगले' ठरले, त्यांना तो दर्जा पुढच्या फेऱ्यांत टिकवता आला नाही. पाइप ज्या रेषेवर सरकवायचे ती १० मीटरची होती. दर वेळी डोळे मिटून मधला बिंदू सांगितला असता तर जेवढी चूक झाली असती, त्यापेक्षा सर्वांत चांगला डाऊझर सरासरी ४ मिलिमीटरने बरा निघाला. एवढ्यावर कोण बोअर मारेल?

जर्मनीतल्याच कासेलला १९९० साली चाचणीसाठी ३० डाऊझर आले. पाइप जमिनीखाली अर्धा मीटर पुरलेला, पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं. चाचणी न्याय्य आहे असं सगळ्यांनी आधी मान्य केलं होतं. निकाल नाणेफेकीइतका आला.

सळी हलते ती खोटेपणाने नाही, हेही मला ठामपणे सांगायचंय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ सालीच लिहिलं की त्यांच्या हातातला लोलक डोळे बांधल्यावर हलायचा थांबला. मनातली अपेक्षा नकळत स्नायूंत उतरते आणि धरणाऱ्याला वाटतं की सळी आपोआप वळली. म्हणून पाणाड्या प्रामाणिक असू शकतो आणि तरीही चुकीचा.

हे निरुपद्रवी आहे असं वाटणाऱ्यांनी एडीई ६५१ आठवावं. मुठीत धरायची, अँटेना फिरणारी ही 'बॉम्बशोधक' कांडी म्हणजे डाऊझिंगची सळीच. आत काही नव्हतं. ती इराकच्या तपासणी नाक्यांवर वापरली गेली, माणसं मेली. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

लोलक

तो फसवणुकीचा खटला होता. त्याच्यापायी प्रत्येक डाऊझरला गुन्हेगाराच्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे. मी आजार बरा करतो असं कधी म्हणत नाही, औषध बंद करायला सांगत नाही. पलंग हलवल्यावर माणसं शांत झोपतात, हे मी पाहिलंय.

काळा_पाषाण

झोप लागते हे मी नाकारत नाही. खोली आवरली, खिडकीजवळचा पलंग हलला, कुणीतरी तासभर आपुलकीने ऐकून घेतलं, त्यानेही झोप लागते. त्यासाठी पलंगाखाली जर्मन जाळी असण्याची गरज काय? औषध बंद करायला सांगत नाही म्हणता, ते चांगलंच आहे. पण 'इथे कॅन्सरची रेष आहे' हे ऐकलेली बाई त्या खोलीत पुन्हा निर्धास्त झोपेल का?

जुनी_विहीर

तुम्ही सगळे जर्मनीत फिरताय, आपल्याकडचं कुणी काढत नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय पाण्याच्या शोधावर लिहिलाय. शरीरात शिरा तशा जमिनीतही वर-खाली शिरा असतात, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष (माणसाच्या उंचीवरून घेतलेलं जुनं माप) खोलीवर गोड पाणी, अशा खुणा त्यात आहेत. हाही भोंदूपणा?

भूजलवाली

मुळीच नाही, आणि तुम्ही काढलंत ते बरं झालं. झाड, वारूळ, मातीचा रंग, दगडाचा पोत या सगळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. कुणीही जाऊन पडताळू शकतो. उंबर, जांभूळ, शिंदी उथळ पाण्याजवळ रमतात. वाळवीलाही ओल लागते. प्रत्येक श्लोक आजच्या बेसाल्टला लागू पडेल असं नाही, पण पद्धत निरीक्षणाची आहे. जुना पाणाड्या शिवार असंच वाचतो आणि श्रेय बेचकीला देतो, असा माझा अंदाज आहे. त्याच्या डोळ्यांबद्दल मला आदर आहे.

मोसंबीवाला

अंदाज तुमचा, बोअर आमचं. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा सत्तरच्या दशकापासून आहे म्हणतात, आमच्या बांधावर मी तिचा माणूस बघितला नाही. पाणाड्या निरोप गेला की दुसऱ्या दिवशी हजर. आधी तुम्ही या, मग बेचकी सोडायला सांगा.

तपासून_बघा

रास्त आहे. मग एक करा. गावात यंदा जेवढी बोअर होतील, त्यांची वही ठेवा. जागा कुणी दाखवली हे बोअर मारायच्या आधी लिहायचं, नंतर नाही. पाणाड्या, मशीनवाला आणि मालकाने मनाने निवडलेली जागा, तिन्ही वेगळ्या रकान्यांत.

मोसंबीवाला

वही मी ठेवतो. पण मशीनवाल्याची फेल गेलेली बोअरंही तितक्याच ठळक लिहीन, आणि पाणाड्याला न विचारता त्याच्या नावापुढे काही लिहिणार नाही.

लोलक

वहीतून काही सिद्ध होणार नाही. सळी कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं असतं.

भूजलवाली

मग हात कुणाचा तेही लिहा, प्रत्येक पाणाड्याचा रकाना वेगळा. दादा, आणखी एवढं नोंदवा: केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप) किती फूट, पाणी पहिल्यांदा किती फुटांवर लागलं, कुठला दगड निघाला (गाडीवाले चुरी फेकून देतात, दर वीस फुटांची मूठभर पिशवीत ठेवून घ्या) आणि मे महिन्यात मोटर सलग किती वेळ चालली. पावसाळ्यानंतरचा आकडा चालणार नाही.