ईसीयू रीमॅपनंतर मायलेज घटले, मदत हवी आहे

टर्बो पेट्रोल गाडीच्या ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातील इंधन वगैरे ठरवणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यात (मॅपमध्ये) बदल, करून घेतल्यापासून २००० आरपीएमच्या आसपासची ओढ स्पष्टपणे वाढली आहे, परंतु पूर्वी लिटरमागे १६ किलोमीटर चालणारी गाडी आता जेमतेम १३ देते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवले तर कोरडी काजळी लागते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा व इंधन यांचे वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ लागते आणि पूर्ण ताकदीसाठी मिश्रण मुद्दाम रिच (इंधन जास्त असलेले) ठेवतात, हे ठाऊक आहे. मात्र एकसारख्या संथ वेगातही इंधन इतके का जावे? (माझा पाय जड झाल्याचा घरचा आरोप तपासून झाला आहे.) दोष मॅपचा, की नव्या तेलकट एअर फिल्टरमुळे मास एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मळला असेल? मूळ मॅप परत टाकण्यापूर्वी फ्युएल ट्रिमचे (ईसीयू इंधनात स्वतःहून करत असलेल्या वाढ-घटीचे) कोणते आकडे पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.