मदत हवी आहे: एकाच डोमेनमागच्या चार सर्व्हरांच्या सर्टिफिकेटची मुदत कशी तपासावी?

वेबसाइटांना मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणीचे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले, तेव्हापासून लक्ष आपणच ठेवायचं. नुसती डिस्कवरची फाइल बघून भागत नाही. सर्टबॉटने (सर्टिफिकेट आपोआप नवं करणारं साधन) नवं सर्टिफिकेट आणलं तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत ब्राउझरला जुनंच जातं. म्हणून ४४३ (एचटीटीपीएसच्या) पोर्टवरून घेतलेलं सर्टिफिकेट ओपनएसएसएल या साधनाच्या चेकएंड पर्यायाने तपासतो: ते १८,१४,४०० सेकंदांत, म्हणजे २१ दिवसांत, संपतंय का.

अडचण अशी की डोमेनमागे चार आयपी आहेत आणि तपासणी एकालाच गाठते. थेट आयपीला जोडलं तर, सर्व्हरनेम (कोणतं डोमेन हवं ते सांगणारं नाव) न दिल्यास, डीफॉल्ट सर्टिफिकेट मिळतं. प्रोमिथियस या देखरेख प्रणालीच्या ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरमध्ये (बाहेरून जोडून तपासणारं साधन) प्रत्येक आयपीसोबत डोमेनचं नाव कसं पाठवता? डोमेनगणिक वेगळं मॉड्यूल (तपासणीच्या सेटिंग्जचा संच) लिहायचं टाळता येईल का? चालू कॉन्फिग असेल तर कृपया टाका.